पंचनाम्यात नाव, दवाखान्यात जागा नाही



गावात शेतकऱ्याची आत्महत्या झाली की चार दिवसांत सरकार दारात येते. तलाठी येतो, मंडळ अधिकारी येतो, पोलीस येतात. सातबारा बघतात, कर्ज कुठले ते विचारतात, कपाशी किती निघाली ते लिहून घेतात. आणि मग ओट्यावर बसलेल्या चार माणसांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "घेत होता का?" ओट्यावरचा माणूस भोळेपणाने सांगून जातो, "हो, घेत होता बुवा." साहेब लिहितात, 'मयत व्यसनाधीन होता.' कितीतरी घरांचे प्रकरण या एका ओळीवर जिल्ह्याहून 'अपात्र' होऊन परत आले आहे. मदत ती किती? एक लाख रुपये. निकष कोणते? नापिकी, कर्ज फेडता न येणे, वसुलीचा तगादा. दारूचे नाव निघाले की नापिकी पुसली जाते, तगादा पुसला जातो आणि सगळा दोष मेलेल्या माणसाच्या घशात ओतून फाईल बंद होते.

आमचा प्रश्न साधा आहे. हा माणूस व्यसनाधीन होता हे सरकारला मेल्यावर चार दिवसांत कळले. तो जिवंत असताना दहा वर्षे का कळले नाही? दारू हा आजार आहे असे सरकारचाच कायदा म्हणतो. मग त्या आजाराची गोळी, त्या आजाराचा डॉक्टर, त्या आजाराची ओपीडी त्याच्या तालुक्यात कुठे होती? पंचनाम्यात व्यसनाचा रकाना आहे. व्यसनावर उपचार देऊ केले होते काय, कोणत्या तारखेला, कोणी, हा रकाना कुठे आहे?

दुकान मात्र होते. दुकानाचा परवाना सरकारनेच दिलेला होता. २०२५ च्या जून महिन्यात मंत्रिमंडळाने दारूवरचे शुल्क वाढवले, तेव्हा यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा येतील असे अभिमानाने सांगितले गेले. जादा म्हणजे आधीचे वीस हजार कोटींहून अधिक आहेतच, ते सोडून. या पैशात आपल्या ज्वारीचा, आपल्या पऱ्हाटीचा, बायकांच्या निंदणाच्या मजुरीचा वाटा आहे. कापसाचा चुकारा हातात पडतो त्या दिवशी तालुक्याच्या गावी कोणत्या दारात जास्त गर्दी असते ते आम्ही सांगायला नको.

आता आकडे बघा. दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबाने देशात २ कोटी ९० लाख माणसे दारूच्या पुरत्या आहारी गेलेली आहेत, म्हणजे दारू तुटली की ज्यांचे शरीर बंड करते अशी. यातल्या दर ३८ माणसांमागे एकाला कसला ना कसला उपचार मिळाला. आणि दवाखान्यात भरती होऊन उपचार मिळाला तो दर १८० माणसांमागे एकाला. बाकीचे १७९ काय करत होते? घरी होते. शेतात होते. आपल्या शेजारच्या धुऱ्यावर होते.

म्हणून आम्ही म्हणतो, उपचार खाटेवर मिळतील अशी वाट बघत बसण्यात अर्थ नाही. उपचार गावाच्या जवळ आले पाहिजेत आणि माणूस घरी राहून, शेत सांभाळून घेऊ शकेल असे आले पाहिजेत.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. दोन्ही आम्हांला ठाऊक आहेत.

एक बाजू साहेबांची आणि शहाण्यांची. ते म्हणतात, आधी दारू सोडा, मग कर्जमाफी मागा. यांना विचारावेसे वाटते की ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली त्या वर्षी न पिणाऱ्याच्या शेतात काय सोने पिकले होते? बोंडअळी पिणारा-न पिणारा बघून येत नाही. गावात माळकरीही कर्जात आहे आणि पिणाराही कर्जात आहे. फरक एवढाच की पिणाऱ्याच्या घरात कर्जाच्या जोडीला मारझोड आहे, उपाशी पोर आहे आणि आज्याच्या नावावरची दोन एकर मोडीत निघालेली आहेत.

दुसरी बाजू आपल्याच काही मित्रांची. ते म्हणतात, भाव मिळू द्या, दारू आपोआप सुटेल. मित्रहो, असे होत नाही. भावासाठी आपण लढतो ते बरोबर आहे, आणि नापिकीत माणूस बाटलीकडे ढकलला जातो हेही खरे आहे. पण एकदा शरीराला दारूची सवय लागली की ती सवय कापसाचा भाव विचारत नाही. बरा भाव मिळाला त्या साली तो माणूस जास्तच प्याला, हे प्रत्येक गावाने पाहिले आहे. गळ्यात काटा रुतलेल्या बैलाला जास्त ढेप टाकून उपयोग काय? आधी काटा काढावा लागतो.

आणि तिसरे एक वाक्य आहे, ते सगळेच बोलतात : "मनावर घेतले तर काय, आज सुटेल." हे वाक्य सगळ्यांत घातक आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाच्या मेंदूने स्वतःला दारूशी जुळवून घेतलेले असते. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू उलट्या बाजूने जोर लावून बसलेला असतो. अशा माणसाची दारू एकाएकी तुटली की तो सगळा जोर मोकळा सुटतो. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भलतेच दिसू लागते, भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आले असे वाटते, ताप चढतो. या अवस्थेत उपचार मिळाला नाही तर माणूस मरू शकतो. गावात याला बाहेरची बाधा म्हणतात आणि त्याला देवळात नेऊन बसवतात. बायकोला सांगतात, कोंडून ठेव, दोन दिवसांत उतरेल. उतरत नाही. शपथ घालून, खांबाला बांधून, चाबकाने मारून दारू सोडवणारे जे ठेकेदार जागोजागी बसले आहेत, त्यांना या झटक्यांविषयी काही ठाऊक नसते. साखळीने बांधणे तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साफ बंद केले आहे. माळ घालून सुटलेले लोक आपल्यात आहेत, त्यांना आमचा नमस्कार. पण माळ घालण्याआधीचे चार दिवस डॉक्टरच्या नजरेखाली गेले तर माळ घालायला माणूस शिल्लक राहतो.

हा त्रास टाळण्याचा उपाय जुना आहे, स्वस्त आहे आणि बहुतेकांना भरती न होता घेता येतो. मेंदूला शांत करणाऱ्या गोळ्या पहिल्या दिवशी पुरेशा द्यायच्या आणि आठवडाभरात कमी कमी करत बंद करायच्या. घरातल्या जबाबदार माणसाने गोळ्या आपल्याजवळ ठेवून वेळेवर द्यायच्या. रोज किंवा दिवसाआड डॉक्टरने बघायचे. सोबत बी-१ जीवनसत्त्व. हे बी-१ लक्षात ठेवा. अंगात ताकद नाही म्हणून दारू पिणाऱ्याला गावात सलाईन लावून घ्यायची पद्धत आहे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या अंगात बी-१ संपलेले असते, आणि ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरला विचारा, आधी बी-१ दिले काय? विचारायला लाजू नका. बियाण्याच्या थैलीवरचा लॉट नंबर आपण विचारतोच ना?

आता सगळ्यांना घरी ठेवून चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याला आधी कधी झटके आले आहेत, भलतेच दिसले आहे, कावीळ आहे, रक्ताच्या उलट्या आहेत, वय झाले आहे किंवा जो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करतो, त्याला भरतीच केले पाहिजे, आणि तेही त्याच दिवशी. या गोळ्या मेडिकलवरून आपल्या मनाने आणून देऊ नका. त्यांचीही सवय लागते, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास थांबू शकतो.

आणखी एक. 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' अशा पाट्या बसस्टँडच्या भिंतीवर असतात. पुडी जेवणात मिसळायची म्हणे. पुडीत काय आहे ते विकणाराही सांगत नाही. डायसल्फिराम नावाचे औषध असते, त्यावर दारू प्याली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. डॉक्टरने समजावून, माणसाने स्वतः कबूल करून घेतले तर ते कामाचे औषध आहे. भाजीत लपवून घातले तर तो विषप्रयोग आहे. मायबहिणींनो, तुमची अगतिकता आम्ही समजतो, पण पुडीच्या नादाला लागू नका.

आता खर्चाचे आणि वेळेचे. शहरातल्या खाजगी केंद्रात महिनाभर ठेवा म्हणतात आणि पैसे आधी भरून घेतात. जून महिन्यात कोरडवाहू शेतकरी महिनाभर जाईल काय? पेरणी कोण करेल? डवरणी, फवारणी, वेचणी यातला कोणता महिना तो रिकामा आहे? उन्हाळ्यात आहे, पण तेव्हा हातात पैसा नाही. चांगली केंद्रे आहेत, नाही असे नाही. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने उभे केले आणि हजारो घरे सावरली. पण मुक्तांगणचीच शिकवण घ्यायची तर ती ही आहे की खरे काम माणूस घरी गेल्यावर सुरू होते. तिथे पाठपुरावा आहे, बायकांचा वेगळा गट आहे. पाठपुरावा नसलेले केंद्र म्हणजे पेरून निघून गेलेला शेतकरी.

कारण पहिले पाच-सात दिवस ही या कामातली सोपी बाजू आहे. शरीर शांत होते. मग येतो आठवडी बाजार. मग पोळा. मग कापसाच्या काट्यावर भेटलेला जुना दोस्त. मग निवडणूक, जेव्हा पुढारी फुकट पाजतात. सहा महिने, वर्षभर मनात ओढ राहते. ही ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट ही दोन औषधे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली ती आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात त्यांचे नाव घेऊन बघा, समोरचा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

मध्येच कुणी पुन्हा प्याला तर गाव म्हणते, बघा, कुत्र्याची शेपटी वाकडी ती वाकडीच. अरे, एका फवारणीने अळी कायमची जाते काय? पुन्हा दिसली की पुन्हा फवारतोस ना? साखरेचा आजार असलेल्याने सणाला गोड खाल्ले म्हणून डॉक्टर त्याची गोळी बंद करत नाही. पुन्हा प्यालेल्या माणसाने शरमेने घरात न बसता दुसऱ्या दिवशी ओपीडीत यावे, अशी व्यवस्था पाहिजे. आणि ही लाज आपणच लावतो. पोराच्या सोयरिकीत, ग्रामसभेत, पाणवठ्यावर 'बेवड्याचे घर' म्हणणारे आपणच आहोत.

असे उपचार गावाजवळ होऊ शकतात काय? झालेले आहेत. तमिळनाडूतल्या तिरुवारूर जिल्ह्यात मंजक्कुडी नावाचे खेडे आहे. चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन संस्थेने १९८९ पासून तिथे गावातच पंधरा दिवसांची शिबिरे घेतली. रोगी तिथलेच, आणि घरच्यांनाही बोलावून समजावले जाई. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ संस्थेने प्रयोग केला, त्याचा निकाल २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी पिणाऱ्यांशी जास्तीत जास्त चार बैठकी बोलायचे, एवढेच. तीन महिन्यांनी नुसत्या नेहमीच्या उपचारात शंभरात २६ जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, बैठका झालेल्यांत ३६. चमत्कार नाही, आणि ही पुरती सवय लागण्याआधीची माणसे होती. पण शंभरात दहा घरे जास्तीची वाचली, तीही मोठे इस्पितळ न बांधता.

लांब कशाला, आपल्या विदर्भातच बघा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावातलीच माणसे तयार करून मनाच्या आजारांवर काम झाले. नैराश्य आलेल्यांपैकी आधी शंभरात ४ जण उपचारापर्यंत पोचत, दीड वर्षाने २७ पोचू लागले. कापूस पिकवणारीच गावे ती. आणि गडचिरोली. तिथल्या बायाबापड्यांनी लढून १९९३ साली जिल्ह्याची दारूबंदी करून घेतली. वर्ध्यात ती १९७४ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला सरकारने उठवली. बंदीवर वाद घालणाऱ्यांनी घालावा. आम्ही बाटली आडवी करणाऱ्या बहिणींच्या बाजूचे आहोत. पण गडचिरोलीत एक गोष्ट वेळीच ओळखली गेली : बंदीच्या जिल्ह्यातही ज्याला सवय लागली आहे त्याला औषध लागते. म्हणून २०१६ पासून मुक्तिपथ या कामात गावाच्या संघटनेबरोबर तालुक्याला व्यसन उपचाराचे क्लिनिक आणि गावात शिबिर अशी जोड दिली गेली. जंगलातल्या जिल्ह्यात हे होते, तर काळ्या मातीतल्या डांबरी रस्त्यांच्या तालुक्यात का होत नाही?

कायदा आपल्या बाजूचा आहे, फक्त तो आपल्याला कुणी वाचून दाखवलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारा आजार धरलेला आहे. कलम १८ म्हणते की उपचार मिळणे हा हक्क आहे. आवश्यक यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत फुकट आणि कायम मिळाली पाहिजेत. जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा. हे दान नाही. दारूच्या प्रत्येक बाटलीमागे आपण आगाऊ पैसे मोजलेले आहेत.

तेव्हा मागणी अशी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, आणि तोही आठवडी बाजाराच्या दिवशी, व्यसनाची ओपीडी लागली पाहिजे, म्हणजे माणसाला 'कुठे चाललास' याचे उत्तर देता येईल. बाजाराला चाललो, एवढे पुरे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गोव्यासारखा एक शिकवलेला समुपदेशक पाहिजे, आणि तो त्याच पंचक्रोशीतला. दारू सोडून वर्ष झालेल्या माणसालाच हे काम मानधनावर दिले तर त्याच्याइतके चांगले कुणी करणार नाही. आशाताईंवर हे काम टाकायचे असेल तर आधी त्यांचे पैसे ठरवा. फुकटची कामे त्यांच्याकडे पुष्कळ झाली. शुल्कातून येणाऱ्या पैशाचा ठरलेला हिस्सा याच कामाला बांधून द्या. आणि पंचनाम्यात 'व्यसनाधीन' लिहायचे असेल तर त्याखाली उपचार केव्हा देऊ केले ते लिहिणे सक्तीचे करा. ते लिहिता येत नसेल तर त्या शब्दावरून कुठल्याही विधवेचे प्रकरण अपात्र करता येणार नाही.

सरकारची वाट न बघता गावाने करण्याचे काम वेगळे आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका भारतात १९५७ पासून चालतात. फी नाही, नाव विचारत नाहीत, पिणे सोडायची इच्छा एवढीच अट. पाच जण सोडणारे असतील तर शाळेच्या खोलीत आठवड्याला तासभर बसता येते. चावडीवर नको, तिथे तमासगीर जमतात. सोडणाऱ्याच्या घरी चुकाऱ्याच्या दिवशी एक जण सोबतीला जावा. बायकोला पहारेकरी करू नका, तिचा वेगळा गट बसू द्या. तिचे दुखणे नवऱ्याच्या दुखण्यापेक्षा जुने असते. फोन करायचा असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, दोन्हीला पैसे पडत नाहीत.

पुढच्या जिल्हा बैठकीआधी प्रत्येक तालुक्यातल्या दोन कार्यकर्त्यांनी, त्यात एक बाई असावी, आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्यायचा आहे. अर्जात चारच प्रश्न. दारू तुटल्याच्या त्रासावर इथे उपचार होतो काय? बी-१ चे इंजेक्शन, नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट आहे काय? मानसोपचाराचा डॉक्टर महिन्यात किती दिवस येतो? मागच्या वर्षात दारूच्या व्यसनाचे किती रोगी नोंदले? पोच घ्यायला विसरू नका. उत्तर मिळाले तर उत्तर, नाही मिळाले तर पोचेची प्रत बैठकीला घेऊन या. ज्या घरांचे प्रकरण 'व्यसनाधीन' म्हणून अपात्र झाले आहे, त्या घरच्या बाईची परवानगी असेल तर त्या निर्णयाचा कागदही आणा. सगळे कागद एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचे आहेत.